हाउस-टेक्नो मिक्ससाठी ट्रॅक निवडायचे कसे

हाउस आणि टेक्नो ही नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची दोन घराणी, आणि मिक्स म्हणजे त्यातले ट्रॅक न थांबता एकातून दुसऱ्यात नेणं. नव्या डीजेचे पहिले मिक्स ऐकताना बरेचदा गंमत वाटते. त्यातला प्रत्येक ट्रॅक चांगला असतो आणि मिक्स मात्र विसाव्या मिनिटाला कंटाळा आणतो. बीट जुळलेले असतात. आता ते काम सॉफ्टवेअरच करून देतं. घोळ झालेला असतो त्याच्या आधी, ट्रॅक गोळा करताना. आपल्याला सगळ्यात आवडणारे पंधरा ट्रॅक उचलले जातात, आणि आवडते ट्रॅक बहुधा स्वयंपूर्ण असतात: लक्षात राहणारी गायकी, भरघोस बेसलाइन, मधे ठोके थांबणारं लांबलचक ब्रेकडाउन, मग ठोके परत येतात तो अंगावर येणारा ड्रॉप. असे दोन ट्रॅक एकमेकांवर ठेवायला जागाच उरत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच: एकटा ऐकताना थोडा रिकामा वाटणारा ट्रॅक शोधायला शिका. ज्यात नुसती किक (खालचा जड ठोका), हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) आणि एखादा स्टॅब (तुटक कॉर्ड) आहे, जो घरी चहा पिताना लावला तर 'पुढे काही होणार आहे का?' असं वाटतं, तोच मिक्समध्ये दोन मोठ्या ट्रॅकना सांधतो. बाकी सगळं तंत्र याच्याभोवती फिरतं.

पुढचं सगळं एका तासाच्या मिक्ससाठी आहे, जो हाउसपासून सुरू होऊन टेक्नोपर्यंत जातो. लॅपटॉप, साधा कंट्रोलर आणि बरे हेडफोन एवढं पुरतं. सॉफ्टवेअरवर पैसे घालवायचे नसतील तर मिक्स्क्स हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतं; रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर यांतलं काही आधीच असेल तर तेच वापरा.

पायरी 1: मिक्स कोणासाठी, कुठे

पहिला प्रश्न ट्रॅकचा नाही, प्रसंगाचा आहे. मुंबई-पुण्यात क्लब साधारण दीडला बंद होतात. म्हणजे साडेनऊला पहिला डीजे सुरू करतो तेव्हा लोक अजून मेन्यू कार्ड बघत असतात. त्या वेळी 132 बीपीएमचा (म्हणजे मिनिटाला 132 ठोक्यांचा) टेक्नो लावणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही. तिथे 116 ते 120 चा, मोकळा, कमी गायकीचा हाउस हवा. उलट घरी रेकॉर्ड करून मित्रांना पाठवायचा मिक्स असेल, तर ऐकणारा लोकलमध्ये किंवा जिममध्ये आहे. त्याला दहा मिनिटांची प्रस्तावना नको. आणि सोसायटीच्या गच्चीवर वाजवायचं असेल तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हे धरूनच वेगाची चढण आखा. सेक्रेटरी काका साडेनऊपासूनच घड्याळ बघत असतात.

मग दोन आकडे कागदावर लिहा: सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग. नवशिक्याला 120 ते 130 हा पल्ला सोयीचा. हाउस साधारण 118 ते 126 मध्ये वावरतो, टेक्नो 125 च्या पुढे. हल्लीचा हार्ड टेक्नो 145-150 ला सहज पोचतो, पण त्याला पहिल्या मिक्समध्ये हात लावू नका. क्लबसाठी केलेला ट्रॅक सहा-सात मिनिटांचा असतो. दोन्ही टोकांना मिनिट-दीड मिनिट दुसऱ्या ट्रॅकबरोबर जातं, म्हणजे एका ट्रॅकमागे साडेचार-पाच मिनिटं धरा. तासाला बारा ते चौदा ट्रॅक झाले. दहा बीपीएमची चढण इतक्या सांध्यांत वाटली की प्रत्येक ठिकाणी एकही बीपीएम पुरता वाढत नाही. ऐकणाऱ्याला कळतही नाही.

पायरी 2: चाळीस गोळा करा, चौदा ठेवा

विकत घ्यायला बीटपोर्ट सगळ्यांना माहीत असतं. हाउससाठी ट्रॅक्ससोर्स जास्त चांगलं, आणि छोट्या लेबलांसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांसाठी, बँडकॅम्प. ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडून देतं. 2020 मध्ये ही प्रथा सुरू झाली. खरेदी त्या दिवसापर्यंत लांबवली तर कलाकाराला जास्त पैसे मिळतात आणि तुम्हालाही विचार करायला वेळ मिळतो. 'आवडला म्हणून घेतला' या प्रकारातले निम्मे ट्रॅक आठवड्यानंतर नकोसे होतात.

पहिल्या शंभर क्रमांकांची यादी उघडून वरून खाली ऐकत जाणं ही सगळ्यात आळशी पद्धत. त्यापेक्षा एक आवडता ट्रॅक घ्या आणि त्याचं लेबल बघा. लेबलचे मागचे वीस रिलीज ऐका. मग त्यात रीमिक्स कोणी केलंय ते बघून त्या माणसाचं स्वतःचं काम ऐका. हा धागा पकडून एका संध्याकाळी जे हाती लागतं ते यादीत महिनाभर सापडत नाही.

एकाच ट्रॅकच्या अनेक आवृत्त्या दिसतील. 'रेडिओ एडिट' घेऊ नका: तीन मिनिटांत सगळं उरकलेलं असतं, मिक्स करायला सुरुवात आणि शेवट उरत नाही. 'एक्स्टेंडेड' किंवा 'ओरिजिनल' घ्या. आणि 'डब' नावाची आवृत्ती असेल तर ती आधी ऐका. त्यात गायकी काढलेली किंवा तुकड्या-तुकड्यांत प्रतिध्वनीत सोडलेली असते, आणि रिकामी जागा भरपूर. बारा इंची रेकॉर्डच्या काळात जाणते डीजे बी-साइड, म्हणजे रेकॉर्डची मागची बाजू, उलटून ऐकायचे ते बहुतेक वेळा याच कारणाने.

फाइल वाव, एआयएफएफ किंवा 320 केबीपीएसची एमपी3 असावी. व्हिडिओवरून उतरवलेली फाइल हेडफोनवर ठीक वाटते, मोठ्या स्पीकरवर तिच्या हाय-हॅट कागद चुरगाळल्यासारख्या ऐकू येतात. शंका असेल तर स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल टाका: 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट कापलेलं दिसलं तर ती फाइल कमी दर्जावरून फुगवलेली असण्याची दाट शक्यता. स्ट्रीमिंग सेवा डीजे सॉफ्टवेअरला जोडता येते, पण बहुतेक सॉफ्टवेअर मग रेकॉर्डिंगचं बटण बंद करून टाकतं. मिक्स रेकॉर्ड करायचा असेल तर फाइल स्वतःच्या लागतात.

पायरी 3: डीजेच्या कानाने ऐकणं

इथे घाई करू नका. या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे.

श्रोता ट्रॅकचा मधला भाग ऐकतो. डीजेने पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट ऐकायचं, कारण तेवढाच भाग दुसऱ्या ट्रॅकबरोबर वाजणार आहे. सुरुवात नुसत्या ठोक्यांनी होते का? की पहिल्याच क्षणी पियानो येतो? शेवटी एकेक वाद्य निघून जातं का, की सगळं एकदम संपतं? एखाद्या अप्रतिम ट्रॅकला सुरुवातीचे ठोकेच नसतील तर तो मिक्सचा पहिला ट्रॅक म्हणून राखून ठेवा. तिथे कोणाशी जुळवायची गरज नसते.

ऐकताना मोजा. घरात तबला ऐकलेल्या माणसाला हे अवघड नाही: चार मात्रांचा एक बार, आठ बारचं म्हणजे 32 मात्रांचं एक आवर्तन, आणि नवी गोष्ट येते ती समेवर. टाळीचा आवाज येणार, बेस निघणार, गायकी सुरू होणार, ते जवळपास नेहमी अशा आवर्तनाच्या तोंडाशी. 128 बीपीएमला 32 ठोके बरोबर 15 सेकंदांचे होतात, 120 ला 16 सेकंदांचे. येणारा ट्रॅक जाणाऱ्याच्या समेवर सोडला तर दोन्हींचे बदल एकाच जागी पडतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे मुद्दाम रचलंय. चुकीच्या ठोक्यावर सोडला तर वेग अगदी एक असूनही काहीतरी तिरपं वाटत राहतं. काही ट्रॅकमध्ये निर्माते खोडसाळपणे चार बार जादा घालतात. ते ऐकूनच सापडतात, म्हणून प्रत्येक ट्रॅक एकदा तरी बोटांवर मोजून ऐका आणि बदलाच्या जागी क्यू पॉइंट (सॉफ्टवेअरमधली खूण) टाका.

मग स्वतःला विचारा: हा ट्रॅक काय काम करतो? मी चारच ढीग करतो. पहिल्यात दार उघडणारे, म्हणजे हळू खुलणारे. दुसऱ्यात चाल चालू ठेवणारे. हे रिकामे, ठोक्यांवर भर असलेले, यांना कोणी नंतर आठवत नाही. तिसऱ्यात मोठे, ज्यांच्यासाठी लोक हात वर करतात. चौथ्यात दिशा बदलणारे. नवशिक्याच्या फोल्डरमध्ये तिसरा ढीग डोंगराएवढा आणि दुसरा जवळजवळ रिकामा असतो. तासाच्या मिक्सला मोठे ट्रॅक तीन पुरतात, फार तर चार. सहा-सात तरी चाल चालवणारे लागतात. तुमचं प्रमाण उलटं असेल तर पुन्हा पायरी दोनवर जा, आणि या वेळी 'डब' आणि बी-साइडच ऐका.

पायरी 4: कोण कोणाशी पटतं

दोन ट्रॅक एकत्र वाजू शकतात का, हे पाहताना वेगाइतकंच खर्ज, स्विंग आणि सूर यांना महत्त्व आहे.

खर्ज सगळ्यात आधी. दोन बेसलाइन एकत्र वाजल्या की नुसता गोंगाट होतो, मोठ्या स्पीकरवर तर भिंती थरथरतात आणि सूर एकही कळत नाही. त्यासाठी मिक्सरवर लो इक्यू, म्हणजे खर्ज कमी-जास्त करणारं बटण, आहे: येणाऱ्याचा खर्ज बंद ठेवून त्याला आत घ्या, समेवर जुन्याचा बंद करून नव्याचा उघडा. पण निवडतानाच विचार केला तर काम हलकं होतं. एकाची बेसलाइन बडबडी असेल तर दुसऱ्याची स्थिर, एका सुरावर बसलेली हवी. टेक्नोमध्ये बरेचदा वेगळी बेसलाइन नसतेच. किकच्याच प्रतिध्वनीपासून बनवलेली घरघर खाली चालू असते. ती दोन किकच्या मधली सगळी जागा व्यापते, म्हणून अशा ट्रॅकवर हाउसची गाणारी बेसलाइन ठेवू नका. गोवा ट्रान्सची अडचणही तीच: नव्वदच्या दशकात हणजुणे-वागातोरच्या पार्ट्यांतून जगभर गेलेल्या या संगीतात बेस किकमधल्या प्रत्येक फटीत भरलेला असतो, वेगही 140 च्या आसपास. कितीही आवडत असला तरी या तासात तो बसत नाही.

स्विंगबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि गडबड मात्र तिथेच होते. शिकागो आणि न्यू यॉर्कच्या हाउसमध्ये हाय-हॅट जरा मागे रेलते, ठोका लचकतो. बराच टेक्नो सरळ, रेघेवर चालतो. दोन्ही 125 वर अचूक बसवले, पडद्यावर बीटग्रिड (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या रेघा) एकावर एक दिसतायत, तरी हाय-हॅट अडखळताना ऐकू येतात. पडद्यावर दुरुस्त करण्यासारखं यात काही नसतं. अशी जोडी एकतर सोडा, नाहीतर जाणाऱ्याचा हाय इक्यू (वरच्या आवाजांचं बटण) पूर्ण उतरवून मगच नव्याच्या हाय-हॅट उघडा.

आता सूर. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकला 8ए, 9बी असे क्रमांक देतं. याला कॅमेलॉट चक्र म्हणतात. बारा क्रमांक, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. 8ए हा ए मायनर. त्याच्याशी 8ए, 7ए, 9ए आणि 8बी जुळतात, एवढा नियम सुरुवातीला पुरे. शेजारच्या क्रमांकात नेमकं काय घडतं? 9ए म्हणजे ई मायनर, ज्याचा षड्ज हा ए मायनरचा पंचम आहे. सा-पचं नातं असल्यामुळे कानाला ते गोड लागतं. सॉफ्टवेअर टेक्नोच्या बाबतीत बऱ्याचदा चुकतं, कारण त्यात सूर असे थोडेच असतात. खात्रीची पद्धत जुनीच: पहिल्या ट्रॅकचा सा गुणगुणत दुसरा सुरू करा. सा तिथे राहिला किंवा प-म वर बसला तर उत्तम. कोमल रिषभावर जाऊन पडला, म्हणजे अर्ध्या स्वराचं अंतर आलं, तर ती जोडी नको.

एक हिशोब इथे उपयोगी पडतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असताना वेग सुमारे 6 टक्के वाढवला की सूर अर्धा स्वर वर जातो. 122 चा ट्रॅक 126 ला नेला की 3.3 टक्के झाले, म्हणजे सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो आणि कॅमेलॉटचा क्रमांक निरर्थक होतो. की-लॉक लावा, पण चार-पाच टक्क्यांच्या पुढे ताणलं की किकची धार बोथट होते. म्हणूनच निवडतानाच मूळ वेग जवळचे असलेले बरे. आणि सूर जुळतोय म्हणून मुळमुळीत ट्रॅक घेऊ नका. नुसत्या ठोक्यांचा ट्रॅक कोणत्याही सुरानंतर चालतो. रिकाम्या ट्रॅकचा हा आणखी एक फायदा.

पायरी 5: हाउसवरून टेक्नोवर जाणं

बहुतेक मिक्स इथे फाटतात. अर्धा तास मऊ हाउस, मग एकदम हातोडा. वास्तविक दोन्ही घराणी एकमेकांची शेजारी आहेत. शिकागोतल्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डिस्को वाजवत होते आणि त्या वातावरणातून हाउस आला. तिथून काही तासांवरच्या डेट्रॉइटमध्ये वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डर्सन यांनी टेक्नो घडवला. यंत्रंही बरीचशी तीच. रोलँडने 1983 मध्ये आणलेल्या टीआर-909 या ड्रम मशीनची किक आणि हाय-हॅट तुम्हाला दोन्हीकडे ऐकू येतील. पूल बांधायचा तर याच सामाईक गोष्टींचा.

मला तीन प्रकारचे पूल उपयोगी पडतात. डेट्रॉइटचा टेक्नो, कारण त्यात हाउससारखे भावुक कॉर्ड असतात आणि खाली यंत्राची शिस्त. बर्लिनचा डब टेक्नो, ज्याचा पाया मोरित्झ फॉन ऑस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांच्या बेसिक चॅनेलने 1993 पासून घातला: एकच कॉर्ड प्रतिध्वनीत विरघळत राहतो, वेग मध्यम, जागा भरपूर. हा ट्रॅक कोणाच्याही नंतर आणि कोणाच्याही आधी वाजतो. तिसरा, टेक्नोच्या ठोक्यांवर गॉस्पेलची गायकी. डेट्रॉइटचे रॉबर्ट हूड स्वतःच्या नावाने अत्यंत काटकसरीचा टेक्नो करतात आणि फ्लोअरप्लॅन या नावाने चर्चच्या गाण्याचा उत्साह घेऊन येतात. एकाच माणसाच्या दोन कामांत पुलाची दोन्ही टोकं सापडतात.

पूल म्हणून एक ट्रॅक पुरत नाही, सलग दोन-तीन घ्या. 124 ते 127 या पट्ट्यात बसवा. आणि या पट्ट्यात मोठा ट्रॅक नको, इथे फक्त चाल चालवणारे हवेत.

आपल्याकडच्या अनेकांना मधेच एखादा तबला किंवा सनईचा तुकडा असलेला ट्रॅक घालण्याचा मोह होतो. घाला, पण खर्ज, स्विंग, सूर ही तपासणी त्यालाही लावा; 'आपलं आहे' म्हणून सूट नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच टीआर-808 हे ड्रम मशीन आणि टीबी-303 हे बेसचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर राग वाजवले होते. त्याच टीबी-303 च्या आवाजावर उभी असलेली शिकागोची ॲसिड हाउस रेकॉर्ड बाजारात आली ती 1987 मध्ये. त्यांची ती रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशी डीजे चकित झाले, ते त्या यंत्रांचा आवाज ऐकून.

पायरी 6: क्रम

चौदा ट्रॅकचा क्रम एका झटक्यात लावायला जाऊ नका. आधी जोड्या शोधा. कोणते दोन ट्रॅक एकत्र वाजताना तिसरंच काहीतरी ऐकू येतं? अशा चार-पाच जोड्या मिळाल्या की त्या कागदावर मांडा, मधल्या फटी चाल चालवणाऱ्या ट्रॅकनी भरा. पहिला मोठा ट्रॅक पंधराव्या-विसाव्या मिनिटाआधी नको. दोन मोठे ट्रॅक पाठोपाठ नकोत. दोन गायकीचे तर अजिबात नकोत: दोन माणसं एकाच वेळी गायला लागली की मिक्स तिथेच कोसळतो. शेवटचा ट्रॅक सगळ्यात जोरदार असायलाच हवा असंही नाही. तुमच्यानंतर दुसरा डीजे असेल तर शेवटी नुसते ठोके असलेला, त्याला सहज पकडता येईल असा ट्रॅक ठेवा. तो तुम्हाला लक्षात ठेवील.

डेट्रॉइटचे टेक्नो डीजे जेफ मिल्स एक रेकॉर्ड मिनिटभरच वाजवून पुढे जातात आणि तीन डेक एकाच वेळी चालवतात. ते बघून प्रेरणा घ्या, अनुकरण सध्या नको. सुरुवातीला 32 बारचा, म्हणजे साधारण मिनिटभराचा सांधा ठेवा आणि तेवढ्यात काय काय बदलतं ते ऐका.

जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेले किंवा खऱ्या ड्रमरने वाजवलेले ट्रॅक घेतले असतील तर त्यांची बीटग्रिड हाताने तपासा. माणूस वाजवताना वेग हलतो आणि सॉफ्टवेअर पूर्ण ट्रॅकला एकच आकडा चिकटवून मोकळं होतं.

पायरी 7: रेकॉर्ड, मग गाळणी

एका दमात रेकॉर्ड करा, मीटर लाल होऊ देऊ नका. प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा असतो, 1990 च्या आसपासचे ट्रॅक आजच्यापेक्षा बऱ्याच कमी आवाजात वाजतात. फेडरला (आवाजाच्या सरकपट्टीला) हात न लावता गेनने, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची मूळ पातळी ठरवणाऱ्या बटणाने, बरोबरी करा.

मग दोन दिवस ऐकू नका. नंतर घराबाहेर, चालताना किंवा बसमध्ये ऐका, पडद्यावरच्या लाटा बघत नव्हे. जिथे बोट आपोआप पुढे ढकलायला गेलं ती वेळ लिहून ठेवा. बहुतेकदा दोष सांध्यात नसून त्याच्या आधीचा ट्रॅक दोन मिनिटं जास्त वाजल्यात असतो, किंवा तो मुळात तिथे नकोच असतो. तो एकच बदला आणि त्या जागी चाळीसमधल्या उरलेल्यांतला सगळ्यात रिकामा लावून बघा.

मिक्स इंटरनेटवर चढवताना मिक्सक्लाउड सोयीचं, कारण तिथे हक्कधारकांशी करार केलेले असतात. इतर ठिकाणी मिक्स अधेमधे मूक होतो किंवा काढला जातो. खाली ट्रॅकची पूर्ण यादी द्या, वेळेसकट. नावापुढे आवृत्ती आणि लेबलही लिहा. 'डब' वाजवला असेल आणि यादीत नुसतं नाव असेल, तर शोधणाऱ्याला गायकीवाली आवृत्तीच सापडेल.